वेंडेलने कापलेले सिनेमे

वेंडेलच्या तळघरात मी एक युद्धपट पाहिला. त्यात एकही माणूस मेला नाही. सैनिक बोटीतून उतरले, किनाऱ्यावरून धावत सुटले आणि पुढच्याच क्षणी आपापल्या घरी पोचले. दारात बायका उभ्या होत्या. त्यांनी मिठ्या मारल्या, पण मिठीही अर्ध्यावरच तुटली, कारण पुढे चुंबन असावं. मधलं सगळं युद्ध वेंडेलने काढून टाकलं होतं.

"कसा वाटला?" त्याने विचारलं.

"छान. जरा लवकर संपला."

"वाईट काढलं की सिनेमा लवकरच संपतो, ब्रदर साठे," तो समाधानाने म्हणाला. "चांगलं तेवढं ठेवलंय."

डेट्रॉइटजवळ ट्रॉयमध्ये आम्ही पहिलं घर घेतलं, तेव्हा वेंडेल आणि लरू हे आमचे डावीकडचे शेजारी. मूळचे यूटाचे, धर्माने मॉर्मन. हे कळल्यावर ऑफिसातला पाटणकर डोळे मिचकावून म्हणाला, "चार-चार बायका असतात म्हणे त्यांना! बघ आणि सांग." मी महिनाभर बघितलं. बायको एकच निघाली, पण ती चौघींचं काम करायची. सहा मुलं वाढवलेली बाई. त्यांतल्या दोन मुली अजून घरात होत्या, बाकीची पांगलेली. त्यांच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात. आम्ही त्या चर्चचे नव्हतो, पण वेंडेलच्या तोंडात ते इतकं बसलं होतं की मी ब्रदर साठे झालो आणि माझी बायको सिस्टर साठे.

"अहो, मग रक्षाबंधनाला काय करायचं आपण?" नलू विचारायची.

वेंडेल गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इन्स्पेक्टर होता. खराब भाग हुडकून बाजूला काढायचे, हे त्याचं काम. घरी येऊनही तो तेच करायचा. तळघरात एका टीव्हीला त्याने दोन व्हीसीआर जोडले होते. एकावर सिनेमा चालायचा, दुसऱ्यावर त्याची कॉपी व्हायची, आणि वेंडेल दुसऱ्याच्या बटणावर अंगठा ठेवून बसायचा. शिवी आली, दाब. दारूचा ग्लास आला, दाब. बाईने केस मोकळे सोडले, तरी तो सावध व्हायचा. एका काउबॉयच्या सिनेमात त्याने दारूच्या गुत्त्यातले सगळे प्रसंग काढले होते. त्यामुळे घोडे सारखे बाहेर बांधलेले दिसायचे आणि त्यांचे मालक कुठे गेले ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

मी एकदा विचारलं, "पण वेंडेल, काढण्याआधी तुम्हाला ते सगळं बघावं लागतच असेल ना?"

"मी बघत नाही," तो म्हणाला. "मी तपासतो."

त्याच तळघरात दुसऱ्या भिंतीला गव्हाच्या बादल्या रचलेल्या होत्या. घरात वर्षभराचं धान्य असावं, संकट सांगून येत नाही, अशी त्यांच्या धर्माची शिकवण. सोबत पीठ दळायची छोटी विजेची चक्की. नलूने ती चक्की पाहिली आणि तिचे डोळेच भरून आले. दुकानातल्या मैद्याच्या पोळ्या करकरून ती रडकुंडीला आली होती. मग काय, जगबुडीसाठी साठवलेल्या गव्हाच्या आमच्याकडे दर आठवड्याला पोळ्या होऊ लागल्या. लरू एक खायची, वेंडेल सहा.

सोमवारची संध्याकाळ त्यांच्याकडे कुटुंबाची. त्या दिवशी फोन घ्यायचा नाही, कुठे जायचं नाही. गाणं, प्रार्थना, मग किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली, मग सिनेमा. आम्हाला बोलावलं की आम्ही जायचो. त्या जेलीकडे बघून नलू मराठीत पुटपुटायची, "गाजराचे काय हे हाल!" आणि तोंडाने, "व्हेरी नाइस, लरू."

एका सोमवारी मी भारतीय किराणा दुकानातून एक हिंदी सिनेमा भाड्याने आणला. जत्रेत ताटातूट झालेले दोन भाऊ, आंधळी आई, दंडावर गोंदण, असा. वेंडेल अंगठा तयार ठेवून बसला. तास झाला, दीड तास झाला, एकही चुंबन नाही. त्याचा विश्वास बसेना.

"ओ माय हेक!" देवाचं नाव टाळून तो असंच म्हणायचा. "हे लोक लग्न कसं करतात?"

"आईला विचारून," नलू म्हणाली.

लरूला हे फार पटलं. मग हिरॉइन साडी नेसून धबधब्याखाली उभी राहिली. वेंडेलचा अंगठा घुटमळला.

"ही तिथे का उभी आहे?"

"तिला आनंद झालाय," मी म्हणालो.

"मग टॉवेल का देत नाही कोणी?"

ते गाणं गेलं. आमची लेक मीनल ओरडली, "वेंडेल अंकल, दॅट वॉज द बेस्ट पार्ट!" पण शेवटी दोन्ही भाऊ आईच्या पायाशी आले तेव्हा वेंडेल बटण विसरला. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाला, "आम्ही हेच मानतो, ब्रदर साठे. कुटुंब सुटत नाही. मेल्यावरसुद्धा नाही." आणि उठून जिना चढून वर गेला. बराच वेळ आला नाही.

भांडी विसळताना लरूने नलूला केंटबद्दल सांगितलं. केंट त्यांचा थोरला. त्यांच्यातली मुलं एकोणिसाव्या वर्षी दोन वर्षं धर्मप्रचाराला जातात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची पट्टी, सायकलवरून दारोदार. वेंडेल गेला होता, वेंडेलचे वडील गेले होते. केंट अर्ध्यातून परत आला. का ते त्याने सांगितलं नाही, वेंडेलने विचारलं नाही. चर्चमधली माणसं हळू आवाजात चौकशी करू लागली. शेवटी पोरगा लॉस एंजलिसला गेला, नट व्हायला. लरू दर रविवारी दुपारी त्याला फोन करायची. त्या वेळी वेंडेल तळघरात जाऊन गव्हाच्या बादल्या या भिंतीकडून त्या भिंतीकडे हलवायचा.

"हलवला नाही तर किडे पडतात," तो म्हणायचा. झाकणं हवाबंद होती.

दोन हिवाळे असे गेले. मग एका सकाळी आम्ही दोघं आपापल्या दारासमोरचा बर्फ उपसत होतो. वेंडेल माझ्या हद्दीपर्यंत उपसत आला आणि थांबला.

"केंटला सिनेमात काम मिळालंय," तो फावड्याकडे बघत म्हणाला.

"अरे वा! कुठे लागलाय?"

"इथेच. सिनेमा 'आर' आहे."

'आर' म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. इतर सिनेमे वेंडेल कापून घ्यायचा, 'आर' घराच्या दारातही आणायचा नाही. आणणार नाही, बघणार नाही, कापणारही नाही. त्या बाबतीत पक्का होता.

"तुम्हाला हा नियम नाही, ब्रदर साठे. तुम्ही बघता." यात टोमणा अजिबात नव्हता, तरी माझे कान गरम झाले. "जाऊन याल? काय करतो, नीट करतो का, ते सांगा." मग फावडं बर्फात रोवून म्हणाला, "आणि बारीक झालाय का, ते."

मी एका दुपारी ऑफिसातून लवकर निघून एकटाच गेलो. नलूला सांगितलं नाही. थिएटरात पाच-सात कॉलेजची पोरं होती. सिनेमा म्हणजे टारगट पोरांचा धुडगूस: पार्टी, बिअर, कपडे काढणं, पुन्हा पार्टी. मी घड्याळ बघत होतो. आणि एकदम केंट आला. सायकलवरून, पांढऱ्या शर्टात, टायमध्ये, छातीवर पट्टी. मिशनरीचं सोंग आहे असं वाटूच नये, इतकं हुबेहूब. कारण सोंग नव्हतंच ते.

तो दाराशी येतो. आत गाण्यांचा गोंगाट. बेल दाबतो आणि चेहऱ्यावर हसू आणतो. दार उघडत नाही. हसू हळूहळू दमतं, गालांवरून घसरतं. तो ते खाली ठेवतो, गाल चोळतो, पुन्हा बेल दाबतो आणि पुन्हा हसू चढवतो. पुन्हा दमतं. असं तीन-चारदा. शब्द एक नाही. मी इतका हसलो की पुढच्या रांगेतल्या पोराने वळून पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. इतकं निखळ मी कित्येक महिन्यांत हसलो नव्हतो.

मग दार उघडतं, पोरं त्याला आत ओढतात. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की त्या प्रसंगाच्या शेवटी तो टेबलावर नाचत होता आणि अंगावर फक्त टाय होता.

दुसऱ्या दिवशी वेंडेल गॅरेजशी वाटच बघत होता. आता माझं वळण कसं, ते सांगायला हवं. मंदीत माझी नोकरी गेली होती, त्या चार महिन्यांतसुद्धा मी सांगलीला वडिलांना 'इकडे सर्व कुशल' असंच लिहीत होतो. म्हाताऱ्या माणसाला सोसेल तेवढंच सांगायचं. आमच्या घरात याला खोटं बोलणं म्हणत नसत, सांभाळून घेणं म्हणत.

"मिशनरी झालाय तो," मी म्हणालो.

"कोण? केंट?"

"हो. पांढरा शर्ट, टाय. सायकलवरून येतो. तब्येत चांगली आहे."

वेंडेलने गॅरेजच्या दाराचा आधार घेतला. "मिशनरी," तो म्हणाला. "मग काय करतो?"

"बेल वाजवतो."

"दार उघडतात?"

"हो, उघडतात."

"आणि?"

"आत घेतात त्याला."

"आत घेतात!" वेंडेल म्हणाला. "ओ माय हेक. माझ्या दोन वर्षांत मला मोजक्या लोकांनी आत घेतलं."

मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. तरी घरात जाताना मला वळून बघवेना.

त्यांच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो. पाणीसुद्धा नाही. नलू म्हणाली, "याला म्हणतात उपास, आपण नुसता जेवणात बदल करतो." त्या दिवशी चर्चमध्ये प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्याने उठायचं, माइकपाशी जायचं आणि आपल्या मनातलं सगळ्यांसमोर बोलायचं. वेंडेलने आम्हाला आग्रहाने बोलावलं. "मी आज बोलणार आहे," तो म्हणाला. तो कशाबद्दल बोलणार, ते मला पार्किंगमध्येच कळलं होतं. गाडीपासून दारापर्यंत तो माझ्या शेजारून चालत होता. बाही धरून बाजूला घेता आलं असतं. मी हवेबद्दल बोललो.

तो माइकपाशी उभा राहिला. म्हणाला, माझा मुलगा मिशनवरून परत आला तेव्हा मी त्याच्याशी बोलणं टाकलं. मला वाटलं, त्याने काम अर्धवट सोडलं. पण आज तो सिनेमात तेच काम करतोय. पांढरा शर्ट घालून दार वाजवतोय, आणि देशभर लोक बघताहेत. दार उघडून लोक त्याला आत घेताहेत. वेंडेल रडत होता.

शेवटच्या रांगांमध्ये तरुण पोरं बसली होती. प्रथम एकाने खोकल्यासारखं केलं. मग दुसऱ्याला आवरलं नाही. एका मुलीने तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. नियम नियमाच्या जागी, पोरांनी सिनेमा पाहिला होता. वेंडेलला वाटलं, आनंदाने हसताहेत. तोही त्यांच्याकडे बघून हसला. शेजारी नलूने माझ्याकडे पाहिलं. मी प्रार्थनेचं पुस्तक उलटं धरून वाचत होतो.

दुपारी चर्चच्या प्रमुखाने त्याला घरी येऊन सगळं सांगितलं.

संध्याकाळी वेंडेल आमच्या दाराशी आला. मी वाक्यं तयार ठेवली होती. त्याने ती बोलू दिली नाहीत.

"तुमच्यावर राग नाही, ब्रदर साठे. तुम्ही चांगलं तेवढं ठेवलंत. मी काय वेगळं करतो?" त्याने टोपी हातात फिरवली. "शनिवारी दुपारी मोकळे आहात? मला तो सिनेमा बघायचाय. एकट्याने जायचा धीर नाही."

शनिवारी तो रविवारचा सूट घालून आला. मी सुचवलं, जरा लांबच्या थिएटरला जाऊ, ओळखीचं कोणी भेटणार नाही. "लपून जायचं तर जाऊच नये," तो म्हणाला आणि आमच्याच थिएटरच्या रांगेत ताठ उभा राहिला. तिकीट फाडणाऱ्या मुलीला 'थँक यू, सिस्टर' म्हणाला.

आत तो मुठी गुडघ्यांवर ठेवून बसला होता. शिव्या झाल्या, बाटल्या झाल्या, हलला नाही. केंट दाराशी आला आणि बेल दाबली. हसू चढवलं, दमलं, खाली ठेवलं. शेजारून मला घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला. हुंदका आवरतोय, असं समजून मी मान वळवली नाही. पुढचं, टेबलावरचं, सगळं त्याने डोळे उघडे ठेवून पाहिलं.

यापुढचं मी नलूलाही सांगितलेलं नाही. त्या उन्हाळ्यात वेंडेल-लरू यूटाला परत गेले. दर नाताळला त्यांचं कार्ड येतं, मुलानातवंडांच्या खुशालीसह. केंटचं नुसतं नाव असतं. ते नाव आलं की मी कार्ड घाईने नलूकडे देतो.

त्या शनिवारी थिएटरातून येऊन गाडीत बसल्यावर वेंडेलने किल्ली लावली नाही. एक मूठ अजून मिटलेली होती.

"घाणेरडा सिनेमा आहे," तो म्हणाला.

"हो."

"पण ते दारासमोरचं. ब्रदर साठे, मला हसू आलं." पापाची कबुली द्यावी तसा तो म्हणाला. "ते हसू तसंच असतं. गाल दुखायला लागतात. दोन वर्षं मी ते लावून फिरलो, पण ते इतकं हास्यास्पद दिसतं हे आज कळलं. आणि तो तिथे किती वेळ उभा असतो! मी त्याला विचारलं, का परत आलास. कसं होतं रे, असं नाही विचारलं." मग स्वतःलाच दुरुस्त केलं, "का परत आलास, तेही नाही विचारलं."

मोकळ्या हाताने त्याने चष्मा सारखा केला.

"लहानपणी चर्चमध्ये सगळ्यांच्या नकला करायचा. मी चिमटा काढून गप्प बसवायचो. लरू म्हणते, फोन कर. पण सांगू काय? चांगला सिनेमा आहे असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. मला हसू आलं म्हणालो तर त्याला वाटेल, बाप आहे, मन राखतोय." तो माझ्याकडे वळला. "तुम्ही परके आहात. पहिल्यांदा एकटे आला होतात, कोणाचं मन राखायचं नव्हतं. खरं सांगा. तुम्ही हसलात?"

माझ्या डोळ्यांसमोर चर्चमधल्या शेवटच्या रांगा आल्या. ते हलणारे खांदे. दुसऱ्याच्या मुलाला हसलो, हे त्याच्या बापाच्या तोंडावर कसं सांगायचं?

"छे!" मी म्हणालो. "मी कशाला हसू?"

"थोडंसुद्धा नाही?"

"नाही हो, वेंडेल. उलट वाईट वाटलं मला त्याच्यासाठी."

त्याने मान हलवली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "बापालाच वाटतं तसं."

थिएटरच्या दाराशी सार्वजनिक फोन होता. तो त्याच्याकडे बघत होता. मग त्याने मूठ उघडली. हातात सुटी नाणी होती, घामाने ओली झालेली. गाडीचा ॲशट्रे ओढून त्याने ती एकेक करून आत टाकली, ॲशट्रे बंद केला आणि किल्ली फिरवली.